लिलावाच्या यादीतली सतरावी नोंद

सोलापुरातल्या एका बंद रुग्णालयातील कोबाल्ट-६० सोर्स : एक प्रकरण अभ्यास

२०१४ चा जून. मृगाचा पहिला पाऊस नुकताच होऊन गेला होता. संध्याकाळी मामांचा फोन आला. सोलापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी नोकरीची पहिली चार वर्षं काढली. तिथल्या कर्करोग विभागात पेशंटला कोबाल्ट मशीनखाली झोपवणारे, उठवणारे, रडणाऱ्याला पाणी देणारे परिचर म्हणजे मामा. आडनावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी तोवर पुण्यात आलो होतो आणि रुग्णालय बंद होऊन तीन वर्षं लोटली होती.

"सर, बँकेचे लोक आलेत," मामा म्हणाले. "सगळं मोजूलालेत. कॉट, कपाटं, जनरेटर. आपली मशीनपण लिहून घेतली. किलोत."

त्या 'किलोत'ने माझी झोप उडवली. सोलापुरात बंद पडलेली वस्तू किलोत मोजायची सवय जुनी आहे. गिरण्या गेल्या, कारखान्यातले माग गेले, ते सगळे काट्यावरूनच गेले. बिडाचा भाव वेगळा, पितळेचा वेगळा, शिशाचा त्याहून चढा. कोबाल्ट मशीनचं डोकं तर वरवर बघणाऱ्याला टनभर शिसंच दिसतं.

रुग्णालयाचं, बँकेचं आणि माणसांचं नाव मी मुद्दाम देत नाही. घटनाक्रम मात्र जसा घडला तसा मांडतो, कारण किरणोत्सारी पदार्थांच्या सुरक्षेबद्दल आपल्याकडे बोलणं झालंच तर ते तारापूर आणि तुर्भ्याच्या कुंपणापाशी थांबतं. तिथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे बंदूकधारी जवान आहेत. आमच्या मशीनच्या खोलीला एक कुलूप होतं आणि त्याची एक किल्ली मामांच्या करदोट्याला होती.

मशीन आणि त्यातला सोर्स

आमच्याकडे पेशंट या मशीनला 'शेकाची मशीन' म्हणत, शेक म्हणजे किरणोपचार. तिच्या डोक्यात बोटाच्या दोन पेरांएवढी पोलादी कुपी असते आणि त्या कुपीत किरणोत्सारी कोबाल्ट-६० चे मिलिमीटरभर आकाराचे दाणे. ही भरलेली कुपी म्हणजेच 'सोर्स'. साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवून त्यावर न्यूट्रॉनचा मारा केला की हा समस्थानिक तयार होतो. आपल्याकडे हे काम राजस्थानात रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांमध्ये चालतं आणि तयार सोर्स नवी मुंबईत वाशीला असलेल्या 'ब्रिट', म्हणजे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडून रुग्णालयांना मिळतात. आमचा सोर्स तिथूनच आलेला. मशीन बंद असतं तेव्हा कुपी डोक्याच्या मध्यात, जाड आवरणाच्या आत बसलेली असते. शेक द्यायचा तेव्हा हवेच्या दाबाने ती पुढे सरकते, वेळ संपली की मागे जाते. विजेचं बटण बंद केलं म्हणून कोबाल्ट विझत नाही. घरातल्या कुठल्याच यंत्राशी त्याची तुलना होत नसल्याने लोकांच्या, अगदी शिकलेल्या लोकांच्याही, हे चटकन पचनी पडत नाही.

शेवटचा सोर्स बसवला २००३ च्या डिसेंबरात. तेव्हा त्याची तीव्रता ८,००० क्युरी होती. कोबाल्ट-६० चं अर्धआयुष्य ५.२७ वर्षं. म्हणजे सव्वापाच वर्षांनी निम्मं, साडेदहा वर्षांनी पाव. सोर्स जसा उतरत जातो तसा एकेका पेशंटचा वेळ वाढतो. २००४ मध्ये जो शेक दीड मिनिटात व्हायचा त्याला २०११ मध्ये चार मिनिटं लागू लागली. मानेला मास्क बांधून पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती अडीच मिनिटं फार जड जातात. नवा सोर्स घ्यायला विश्वस्तांकडे पैसे नव्हते. पेशंट बार्शीला, पुण्याला जाऊ लागले. विभाग बंद झाला आणि पाठोपाठ रुग्णालयही.

विभाग बंद होताना किरणोत्सार सुरक्षेची जबाबदारी असलेला रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओ, राजीनामा देऊन दुसऱ्या राज्यात गेला. त्याच्या जागी कोणी नेमला नाही. पेशंटच नाहीत तर आरएसओ कशाला, असा विश्वस्तांचा हिशेब. सोर्स मात्र खोलीत तसाच होता.

बँकेच्या अधिकाऱ्याने मला पहिलाच प्रश्न विचारला तो असा: "अकरा वर्षं होत आली, आता काय उरलं असेल त्यात?" तो खुळा प्रश्न नव्हता. औषधाची मुदत संपते, बॅटरी उतरते, मग हेही उतरत असणार. मी त्यांच्याच टेबलावर कागद घेतला आणि आकडे मांडले. ८,००० चे दोनदा अर्धे, म्हणजे २,००० क्युरी. नव्या मापात ७४ टेराबेकरेल. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सोर्सचे धोक्यानुसार पाच वर्ग केले आहेत. कोबाल्ट-६० साठी ३० टेराबेकरेलच्या वर सगळं पहिल्या वर्गात, म्हणजे सर्वांत घातक. आमचा सोर्स त्या रेषेच्या खाली उतरायला २०२१ उजाडणार होतं. ही कुपी आवरणातून बाहेर पडली आणि कोणी तिच्यापासून एक मीटरवर उभा राहिला, तर सुमारे दहा मिनिटांत त्याला एवढी मात्रा बसेल की उपचार न मिळाल्यास वाचण्याची आशा निम्मीच. कुपी हातात घेणाऱ्याचं काय होईल ते मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी यादी काढून माझ्यासमोर ठेवली. सतरावी नोंद होती: 'जुने वैद्यकीय यंत्र, लोखंड व शिसे, चालू स्थितीत नाही.' पुढे वजनाचा अंदाज आणि भाव.

खोलीभोवती काय दिसलं

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी सोलापूरला पोचलो. ओळखीच्या एका डॉक्टरांकडून किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर मागून घेतला होता. मामा स्टेशनवर घ्यायला आले होते. या पाहणीचं वर्णन जरा सविस्तर करतो, कारण सगळं प्रकरण तिथेच आहे.

पुढच्या गेटवर एजन्सीचा एकच रखवालदार होता. बँकेने ताबा घेतला तेव्हा तो नेमलेला. बिचारा बारा तास रस्त्याकडे तोंड करून बसायचा. कोबाल्टची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला, तीन भिंती मीटरभराहून जाड काँक्रीटच्या. आत काय आहे हे रखवालदाराला कोणी सांगितलं नव्हतं. बाहेरच्या दारावर किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह होतं, उन्हाने फिकं झालेलं. त्याला तो पंख्याचं चित्र समजत होता. मी त्याला हसलो नाही. या चिन्हावरून सामान्य माणसाला धोका कळत नाही हे जगभर लक्षात आल्यावरच २००७ मध्ये कवटी, पळणारा माणूस आणि लाल पार्श्वभूमी असलेलं दुसरं चिन्ह आणलं गेलं. ते आमच्या मशीनवर नव्हतं, मशीन त्याच्या आधीचं.

मागची कंपाउंड भिंत एका ठिकाणी ढासळलेली. तिथून पोरं क्रिकेट खेळायला आत येत. पावसाने ओल्या झालेल्या मातीत स्टंपची भोकं दिसत होती. वीज तोडलेली, त्यामुळे किरणोत्सार वाढला तर इशारा देणारा दारावरचा झोन मॉनिटर मुका आणि कॅमेरा आंधळा. पाऊल थबकलं ते मात्र पुढे. मशीनच्या खोलीला लागून एक छोटी खोली आहे, कुपी सरकवणारी हवा तिथल्या कॉम्प्रेसरमधून येते. तिचं कुलूप तोडलेलं होतं. कॉम्प्रेसर नव्हता. तांब्याची केबल भिंतीतून ओढून काढलेली, एसीचे बाहेरचे डबे गेलेले. म्हणजे भंगार चोरणारं कोणीतरी त्या कुपीपासून वीसेक फुटांवर, एका भिंतीपलीकडे, निवांतपणे काम करून गेलं होतं. कधी, हे रखवालदाराला माहीत नव्हतं. मामांना होतं. त्यांनी दोन महिन्यांपूर्वी ट्रस्टच्या जुन्या सचिवांना सांगितलंही होतं. सचिव म्हणाले, आता ते बँकेचं आहे.

मामांनी आतलं दार उघडलं. मीटर हातात धरून मी पाऊल टाकलं. काटा हलला, पण जेवढा हलायला हवा तेवढाच. डोक्याचं आवरण शाबूत होतं, कुपी आपल्या जागी होती. आजही सोलापूर स्टेशनवरून गाडी जाताना तो काटा डोळ्यांसमोर येतो.

किल्ल्या तीन होत्या. एक मामांकडे, दुसरी सचिवांच्या घरी देवघराशेजारच्या ड्रॉवरमध्ये सापडली. तिसरी आरएसओच्या टेबलात असायची, ते टेबल यादीतल्या नवव्या नोंदीत होतं आणि खण रिकामा होता. त्याच संध्याकाळी नवी पेठेतून दोन जाड कुलुपं आणून मी आणि मामांनी ती लावली, जुनी काढली. बँकेच्या अधिकाऱ्याच्या समोर, त्यांची सही घेऊन. माझा तिथे कायदेशीर अधिकार काहीच नव्हता. मी माजी कर्मचारी. पण कुलूप लावायला अधिकार शोधत बसलो असतो तर रात्र उलटली असती.

रखवालदाराच्या केबिनमध्ये टपालाचा गठ्ठा होता. त्यात तीन लिफाफे नियामकाकडून, म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषदेकडून, आलेले, सोर्सच्या स्थितीची माहिती मागणारे. पत्ता बरोबर होता. फोडणारं कोणी नव्हतं.

गोयानिया आणि मायापुरी

१९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात जे घडलं त्याची सुरुवात जवळपास अशीच आहे. एका खाजगी किरणोपचार केंद्राने जागा बदलली, सीझियम-१३७ चं मशीन जुन्या इमारतीतच राहिलं. जागेच्या मालकीवरून कोर्टकज्जा चालू होता. १३ सप्टेंबरला रखवालदार कामावर आला नाही आणि दोघे भंगारवाले आत शिरले. त्यांनी मशीनचं डोकं ढकलगाडीवर घालून घरी नेलं, फोडलं, विकलं. कुपीतली पूड अंधारात निळसर चमकायची. लोकांनी ती घरी नेली, अंगाला लावली. चार जण गेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. एक लाख बारा हजार लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात किरणोत्सारी अंश सापडला.

आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत घडलं. एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, १९८५ पासून पडून असलेलं कोबाल्ट-६० चं उपकरण लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. एप्रिलमध्ये भंगार बाजारातली माणसं भाजल्यासारखे डाग घेऊन, केस गळून रुग्णालयात येऊ लागली तेव्हा कळलं. एकाचा मृत्यू झाला, सात जण गंभीर आजारी पडले. अणुघटनांची तीव्रता ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ती घटना चौथ्या पातळीची ठरली.

दोन्हीकडे दहशतवादी नव्हते. दोन्हीकडे कुणाला काही वाईट करायचं नव्हतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९९५ पासून हरवलेल्या, चोरीला गेलेल्या आणि बेवारस सापडलेल्या अशा पदार्थांची नोंद ठेवते. चार हजारांहून अधिक घटना त्यात आहेत आणि बहुतेकींचा चोरट्या व्यापाराशी संबंध नाही. म्हणून काही जण म्हणतात की दहशतवादाची भीती उगाच वाढवलेली आहे. मला ते पटत नाही. भंगारवाला ज्या भगदाडातून आत येतो त्याच भगदाडातून हेतू घेऊन येणाराही येतो. फरक एवढाच की भंगारवाल्याने नेलेला सोर्स आजाऱ्यांमुळे आठवड्या-दोन आठवड्यांत उघडा पडतो. जाणून-बुजून नेणारा तो झाकून ठेवील. नोव्हेंबर १९९५ मध्ये चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या इझमायलोवो बागेत सीझियम पुरून पत्रकारांना जागा कळवली होती. स्फोट केला नाही, धाक पुरेसा होता.

"बॉम्ब होतो का याचा?"

पोलीस ठाण्यात निरीक्षकांनी हाच प्रश्न विचारला आणि मी दोन भागांत उत्तर दिलं. अणुबॉम्ब होत नाही. कोबाल्ट-६० विखंडनशील नाही, कितीही गोळा केला तरी साखळी प्रक्रिया होणार नाही. पण साध्या स्फोटकाबरोबर किरणोत्सारी पदार्थ पसरवला तर एखादा चौक, एखादा बाजार महिनोन्‌महिने बंद ठेवावा लागेल. त्यात माणसं मरतील ती बहुधा स्फोटाने. खरा मार बसतो तो भीतीचा, ओस पडलेल्या पेठेचा आणि साफसफाईच्या खर्चाचा. कोबाल्ट धातूच्या दाण्यांत असल्याने तो सीझियम क्लोराइडच्या पुडीसारखा सहज पसरत नाही, पण नुसता उघडा सोर्स गर्दीच्या जागी लपवून ठेवला तरी पुरे. मी गड्ड्याच्या यात्रेचं नाव घेतलं नाही. त्यांनीच घेतलं. जानेवारीत होम मैदानावर बंदोबस्त त्यांचाच असायचा.

मग ते म्हणाले, गुन्हा काय नोंदवू? प्रश्न रास्त होता. सोर्स चोरीला गेलेला नव्हता. कॉम्प्रेसरची चोरी नोंदवता आली असती, पण फिर्यादी कोण, ट्रस्ट की बँक? सामूहिक संहाराची शस्त्रं आणि त्यांचं साहित्य बिगर-सरकारी हातांत जाऊ नये म्हणून २००४ मध्ये संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव केला, २००५ मध्ये आपल्या संसदेनेही कायदा केला. तो कायदा पदार्थ हातातून जाऊ नये म्हणून आहे. आमचा पदार्थ अजून कोणाच्या हातात गेलेला नव्हता, आणि खरं तर कोणाच्या हातात उरलाही नव्हता. निरीक्षकांनी अखेर गुन्हा न नोंदवता स्टेशन डायरीत नोंद केली आणि त्या रात्रीपासून मागच्या बाजूला दोन शिपाई बसवले. वरून आदेश येईपर्यंत ते थांबले नाहीत. मी त्यांना आजही मनापासून मानतो.

शिपायांना काय सांगायचं हा वेगळा पेच होता. पूर्ण सांगितलं तर ते घाबरून लांब उभे राहतील आणि गावभर होईल. काहीच नाही सांगितलं तर रखवालदारासारखं होईल. मी मीटर त्यांच्या हातात दिला. खोलीबाहेरचा आकडा दाखवला, मग रस्त्यावर नेऊन तिथला. दोन्हींत फरक नव्हता. भिंतीच्या या बाजूला तुम्हाला काही होत नाही, भिंतीच्या त्या बाजूला कोणाला जाऊ द्यायचं नाही, एवढंच सांगितलं. एकाने विचारलं, "साहेब, पोरंबाळं व्हायची बाकी आहेत, काही होणार नाही ना?" त्याला मी पुन्हा एकदा मीटर दाखवला.

दुसऱ्या दिवशी एका वार्ताहराचा फोन आला. बँकेतून कोणीतरी बोललं असावं. मी त्याला भेटलो आणि सगळं खरं सांगितलं, आणि सोर्स हलेपर्यंत छापू नकोस अशी विनंती केली. लोकांना माहिती मिळण्याचा हक्क आहे हे मी मानतो. पण 'अमक्या रस्त्यावर घातक पदार्थ बेवारस' ही बातमी ज्याने वाचू नये तोही वाचतो. तो तरुण पोरगा होता, पहिल्या पानाची बातमी हातात होती. त्याने छापली नाही.

मालक कोण

यानंतरचे पाच आठवडे कागदांत गेले. ट्रस्ट म्हणत होतं, थकलेल्या कर्जापोटी तारण ताब्यात घेण्याच्या सरफेसी कायद्याखाली बँकेने ताबा घेतला, आता जबाबदारी तिची. बँक म्हणत होती, आमच्याकडे तारण आहे ती इमारत आणि जंगम वस्तू, सोर्स बाळगायचा परवाना आमच्याकडे नाही, तो ट्रस्टच्या नावावर. दोघांचंही खरं होतं. तेव्हा लागू होता तो अणुऊर्जा कायदा १९६२ चा, त्याखालचे किरणोत्सार संरक्षण नियम २००४ चे. त्यांनुसार परवानाधारक आणि नियोक्ता यांची जबाबदारी सोर्स रीतसर परत जाईपर्यंत संपत नव्हती, आणि परवानगीशिवाय तो विकता किंवा दुसऱ्याच्या हवाली करताही येत नव्हता. पण विश्वस्तांपैकी दोघे वारले होते, एक अंथरुणाला खिळलेले, उरलेल्यांकडे खात्यात पैसे नव्हते.

अणुऊर्जा नियामक परिषदेला मी पहिल्याच रात्री ईमेल आणि सकाळी फोन केला होता. पुढचं सगळं त्यांच्या मार्गदर्शनाने झालं. पहिल्या वर्गाच्या सोर्ससाठी त्यांची सुरक्षा मार्गदर्शिका 'अ' पातळीची व्यवस्था मागते: आत शिरणारा लगेच लक्षात यायला हवा, त्याला उशीर व्हायला हवा, आणि तेवढ्या उशिरात प्रतिकार करणारे पोचायला हवेत. आमच्याकडे उशीर होता, मीटरभर काँक्रीटचा आणि टनभर आवरणाचा. लक्षात येण्याची सोय विजेबरोबर गेली होती. पोचणारं कोणी नव्हतं. म्हणजे ज्या भिंतींवर आमचा भरवसा होता त्या चोराचं काम फक्त लांबवू शकत होत्या, आणि त्याला घाई असण्याचं कारण नव्हतं.

कोंडी फुटली ती बँकेच्या वकील बाईंमुळे. ताब्यात घेतलेल्या मालमत्तेवर बँकेने केलेला रास्त खर्च कर्जदाराकडून वसूल करता येतो, ही तरतूद त्यांनी दाखवली. सोर्स हलवण्याचा खर्च बँकेने करायचा, तो कर्जाच्या रकमेत चढवायचा. ट्रस्टने परवानाधारक म्हणून अर्जावर सही करायची. आरएसओ म्हणून तेवढ्या कामापुरता मी, नियामकाच्या संमतीने. जिल्हाधिकारी कार्यालयात बसून हे ठरलं तेव्हा उरलेल्या विश्वस्तांपैकी एक आजोबा सही करताना म्हणाले, "मशीन आलं तेव्हा आम्ही त्याला हार घातला होता. परत पाठवायचा खर्च कोणाच्या डोक्यातच आला नाही."

माझं याबाबतचं मत पक्कं आहे. सोर्स विकत घेताना तो परत पाठवण्याचा खर्चही त्याच दिवशी वेगळ्या खात्यात ठेवायला लावला पाहिजे, आणि तो पैसा ट्रस्टच्या, कंपनीच्या किंवा बँकेच्या कोणत्याही देण्यात ओढता येऊ नये. कुलुपं, कॅमेरे, गज यांवर खर्च होतो तो सोर्स वापरात असताना. धोका सर्वांत जास्त असतो तो वापर थांबल्यावर, आणि तेव्हाच तिजोरी रिकामी असते. आता नियामकाच्या ई-लोरा या संगणकीय प्रणालीत प्रत्येक सोर्सची नोंद राहते, ही मोठी सुधारणा आहे. पण प्रणालीतली सूचना वाचायला दुसऱ्या टोकाला पगार मिळणारा माणूस लागतो.

आणि हे फक्त रुग्णालयांचं नाही. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने कितीतरी. बॉयलरच्या जोडांची तपासणी करणारी माणसं किरणांनी धातूच्या आतला फोटो काढणारा इरिडियम-१९२ चा कॅमेरा जीपमध्ये घालून गावोगाव फिरतात. त्याचं अर्धआयुष्य ७४ दिवसांचं, म्हणून कोबाल्टइतका तो वर्षानुवर्षं टिकत नाही, पण ताजा असताना हातात उचलणाऱ्याचा हात घालवू शकतो. हंगामाआधीच्या घाईत रात्री ढाब्यावर उभ्या असलेल्या अशा जीपकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो.

सोर्स निघाला तो दिवस

ब्रिटचे अभियंते आले तेव्हा श्रावण लागला होता. डोक्यातली कुपी सरळ हातात घेता येत नाही. वाहतुकीचं जाड भांडं मशीनच्या डोक्याला नीट भिडवून बसवतात आणि कुपी आवरणातून आवरणातच सरकवतात. त्यासाठी तात्पुरती वीज आणि हवा लागणार होती. कॉम्प्रेसर तर चोरीला गेलेला. भाड्याने आणला, अक्कलकोट रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमधून. मालकाने कशासाठी विचारलं नाही. सगळ्यांच्या छातीवर टीएलडी बॅज, खिशात डोसीमीटर, दोन्ही अंगावर पडलेली मात्रा मोजणारे. प्रत्यक्ष सरकवण्याचं काम चहा व्हायला लागतो तेवढ्या वेळात झालं, त्याआधीची तयारी दोन दिवस चालली.

हे वाहतुकीचं भांडं ज्या प्रकारचं असतं त्याला नऊ मीटरवरून कठीण पृष्ठभागावर पडणं, पोलादी दांड्यावर आदळणं आणि ८०० अंश सेल्सियसच्या आगीत अर्धा तास राहणं सोसावं लागतं. पण रस्त्यावरची भीती अपघाताची कमी, थांब्याची जास्त. जेमतेम आठ महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०१३ मध्ये, मेक्सिकोत रुग्णालयातला कोबाल्ट सोर्स नेणारा ट्रक पेट्रोल पंपाजवळ उभा असताना पळवला गेला होता. चोरांना ट्रक हवा होता. सोर्स दोन दिवसांनी शेतात सापडला, आवरणाबाहेर काढलेला. त्याची तीव्रता १११ टेराबेकरेल होती, आमच्याची ७४. मी ती बातमी छापून पोलिसांना आणि चालकाला दिली. गाडी निघाली ती दोन चालक, पुढे-मागे पोलीस, जेवणाचे डबे बरोबर. रस्ता आणि वेळ लिहीत नाही.

मामा गाडी वळेपर्यंत फाटकात उभे होते. त्या मशीनखाली त्यांनी स्वतःच्या बायकोलाही झोपवलं होतं, ती वाचली नाही, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं पगार नसताना किल्ली करदोट्याला का बांधून ठेवली, असं मी विचारलं. "तुम्हीच सांगितलं होतं की सर," ते म्हणाले. "दार उघडं टाकायचं नाही म्हणून." मी ते कधी बोललो होतो ते मला आठवत नव्हतं.

उरलेलं डोकं

सोर्स गेल्यावर बँकेने लगेच विचारलं: आता मशीन विकू? नाही. आवरणात शिशाबरोबर डिप्लिटेड युरेनियम होतं. युरेनियम समृद्ध करताना उपयोगाचा भाग काढून घेतल्यावर हे उरतं. ते शिशाहून जड, म्हणून किरण अडवायला उत्तम. त्याचा किरणोत्सार कोबाल्टच्या पुढे नगण्य. पण ते युरेनियम आहे, आणि युरेनियमचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो, कारण अण्वस्त्र प्रसार रोखण्याची सगळी इमारत अशा हिशेबांवर उभी आहे. ते भंगारात वितळवलं जाणं किंवा ओळख पुसून कुठे तरी पोचणं, दोन्ही चालत नाही. वेगळी परवानगी, वेगळी गाडी, वेगळं वजन.

बँकेच्या नव्या अधिकाऱ्याला हे पटवायला मला सोर्सच्या वेळेपेक्षा जास्त दिवस लागले. कोबाल्टने माणूस मरतो हे ऐकून लोक सावध होतात. ज्याने कोणी मरत नाही त्या धातूचा हिशेब का ठेवायचा, हे समजावणं अवघड असतं. मी त्यांना दुसरा लिलाव होईपर्यंत खोलीचं कुलूप काढू नका एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिलो, आणि मामा रोज सकाळी फिरायला जाताना कुलूप ओढून बघत राहिले.

डोकं गेलं पुढच्या जानेवारीत, यात्रा आटोपल्यावर. लिलावाची सुधारलेली यादी मला बँकेने टपालाने पाठवली. सतराव्या नोंदीवर लाल शाईची आडवी रेघ होती आणि समोर पावती क्रमांक. अठरावी नोंद लोखंडी स्ट्रेचर, नग चार.